लिव्हरपूल एक पेपर का विकत घेत नाही?

लिव्हरपूल फुटबॉल क्लबची लाल जर्सी मुंबई-पुण्यात आता नवलाईची राहिलेली नाही. शनिवारी रात्री मॅच बघायला जमलेल्या पोरांत दोन-चार जणांच्या अंगावर ती असतेच. तिच्या पाठीवर, कॉलरच्या अगदी खाली, दोन ज्योती आणि ९७ हा आकडा असतो. जर्सीवाल्याला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "हिल्सबरो. स्टेडियममध्ये लोक मेले होते." तेवढं बरोबर आहे. पण इंग्लंडमधल्या मैदानांवर त्याआधीही माणसं मेली होती. १९४६ साली बोल्टनला ३३, १९८५ साली ब्रॅडफर्डला आगीत ५६. त्या गावांनीही आपली माणसं विसरलेली नाहीत. मग 'द सन' या पेपरवर साडेतीन दशकं बहिष्कार टाकणं, पुढे पंतप्रधान झालेल्या माणसाला माफी मागायला गावात यायला लावणं, समोरच्या संघाच्या एका घोषणेने सगळं स्टेडियम पेटून उठणं, हे लिव्हरपूललाच का करावं लागलं?

बाहेरच्यांनी याचं एक सोपं उत्तर शोधून ठेवलं आहे: ही माणसं फार हळवी, त्यांचं रडगाणं संपतच नाही. हे उत्तर मला साफ चुकीचं वाटतं. ते का चुकीचं, हे कळायला आधी त्या दुपारी काय झालं ते नीट बघावं लागेल.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. इंग्लंडमधल्या एफए कप या स्पर्धेची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मॅच दोघांच्याही गावी नव्हती, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर होती. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनकडची बाजू दिली होती. तिथे खाली उभ्याने मॅच बघायच्या पायऱ्या होत्या. त्या काळातल्या हाणामाऱ्यांमुळे पायऱ्यांपुढे उंच लोखंडी जाळी ठोकलेली, आणि मधेमधे कुंपणं घालून त्यांचे कप्पे पाडलेले. म्हणजे पुढे जाळी, दोन्ही बाजूंना जाळी आणि मागून येणारा एक उतरता बोगदा. हा बोगदा बरोबर मधल्या दोन कप्प्यांत उघडायचा. १९८१ साली दुसऱ्या एका उपांत्य सामन्यात याच बाजूला गर्दी दाबली जाऊन ३८ जण जखमी झाले होते. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं. नंतर कप्पे पाडले, कठडे हलवले, कागद मात्र तोच राहिला.

उभ्याने बघणाऱ्या १०,००० हून जास्त लोकांना आत घ्यायला फिरत्या दांड्यांची सात दारं होती. अडीचनंतर बाहेर इतकी गर्दी साचली, की तिथेच माणसं चिरडतील अशी वेळ आली. बंदोबस्ताचे प्रमुख होते चीफ सुपरिंटेंडंट डेव्हिड डकेनफील्ड. या पदावर येऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. २ वाजून ५२ मिनिटांनी त्यांच्या हुकमावरून बाहेर पडायचं एक मोठं फाटक, गेट सी, उघडलं गेलं. सुमारे २,००० माणसं आत आली आणि समोर दिसला तो बोगदा धरून चालू लागली. कडेच्या कप्प्यांत जागा होती. पण बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळवायला तिथे कुणी उभंच केलं नव्हतं. मधल्या दोन कप्प्यांची कागदावरची क्षमता मिळून २,२०० च्या आसपास होती, आत ३,००० हून जास्त माणसं कोंबली गेली.

अशा दुर्घटनांत लोक बेभान होऊन धावतात, पडतात, तुडवले जातात असं चित्र आपल्या डोक्यात असतं. बहुतेकदा तसं घडत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सातपेक्षा जास्त माणसं झाली, की माणसाचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाते. छाती फुगायला जागा नसली की उभ्याउभ्या श्वास कोंडतो. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, पुढच्याला मागे सरता येत नाही. कुणीही दांडगाई न करता माणसं मरू शकतात. म्हणून प्रश्न नेहमी एकच विचारायचा असतो: किती माणसं, कुठून, कुणी आत सोडली?

मॅच तीनला सुरू झाली आणि ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवली. लोकांनी जाहिरातींचे फलक उखडून त्यांवर जखमींना वाहून नेलं. त्या दिवशी ९४ गेले, चार दिवसांनी पंच्याण्णवावा. शहाण्णवावा जवळजवळ चार वर्षं बेशुद्ध राहून १९९३ मध्ये गेला. सत्त्याण्णवावा त्या दुपारची इजा आयुष्यभर घेऊन जगला आणि २०२१ मध्ये गेला. सगळ्यांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. पुढे लिव्हरपूलचा कप्तान झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा तो नात्याने भाऊ.

इथपर्यंत ही एक भयंकर दुर्घटना आहे. लिव्हरपूलची खरी गोष्ट सुरू होते ती सव्वातीन वाजता. माणसं अजून मैदानावर मरत होती, तेव्हा फुटबॉल असोसिएशनचे ग्रॅहम केली पोलिसांच्या नियंत्रण कक्षात आले. डकेनफील्ड यांनी त्यांना सांगितलं, की लिव्हरपूलच्या लोकांनी फाटक तोडलं. फाटक स्वतः त्यांनीच उघडायला लावलं होतं! ते वाक्य बघता बघता रेडिओ-टीव्हीवरून सगळीकडे गेलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ते खोटं होतं हे डकेनफील्ड यांनी शपथेवर कबूल केलं, पण २०१५ साली.

त्या रात्री नातेवाईकांना मैदानातल्या व्यायामशाळेत नेलं गेलं. बोर्डावर मृतांच्या चेहऱ्यांचे फोटो लावलेले. त्यांतून आपला मुलगा, आपली बहीण ओळखायची. ओळख पटली की पोलिसांच्या टेबलाशी बसायचं, आणि प्रश्न यायचे ते दारूचे. किती प्यायला होता? वाटेत कुठे थांबला होता? सगळ्या मृतांच्या रक्तातली दारू तपासली, लहान मुलांच्यासुद्धा. ज्यांच्या रक्तात काही सापडलं, त्यांच्या नावावर जुने गुन्हे आहेत का हेही पोलिसांच्या संगणकावर बघितलं गेलं. अजून अंत्यविधी व्हायचे होते आणि मेलेलेच आरोपी झाले होते.

मग १९ एप्रिलचा 'द सन' आला. पहिल्या पानावर अवाढव्य अक्षरांत मथळा होता, 'द ट्रुथ'. म्हणजे सत्य. त्याखाली तीन आरोप: काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला काहींनी मारलं. ही माहिती शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेमार्फत आली होती आणि तिच्यामागे पोलीस अधिकारी आणि एक स्थानिक खासदार होते. आणखीही पेपरांनी हे आरोप छापले, पण आरोप म्हणून. 'द सन'चे संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी तो आडपडदाही ठेवला नाही.

बाकीच्या देशाला ते पटलं. का पटलं, हे बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. चारच वर्षांपूर्वी, २९ मे १९८५ ला, ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या काही प्रेक्षकांनी युव्हेंटस या इटलीच्या क्लबच्या लोकांवर चाल केली होती. पळापळीत भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, त्यांत बहुतेक इटालियन. इंग्लंडच्या क्लबांना पाच वर्षं युरोपातल्या स्पर्धांतून हद्दपार केलं गेलं. त्यातच शहराची परिस्थिती. बंदराचा धंदा बसलेला, बेकारी पराकोटीची, १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगली झालेल्या. त्या दंगलींनंतर अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी पंतप्रधान थॅचर यांना सुचवलं होतं, की लिव्हरपूलवर फार पैसा घालू नये, त्याची पडझड सावकाश होऊ द्यावी. ही कागदपत्रं २०११ अखेर खुली झाली. थोडक्यात, हे शहर दंगेखोर, आळशी, मुलखाचं तक्रारखोर असं लोकांचं मत आधीच झालं होतं. त्या साच्यात 'फाटक तोडलं' हे वाक्य अगदी फिट्ट बसलं. एखाद्या समाजाची बदनामी आधीच झालेली असली, की त्याच्या मृतांवर खापर फोडायला पुरावा लागत नाही. या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही ठेवीन.

शहराने काय केलं? पहिला आठवडा शोकाचा होता. ॲनफील्ड हे लिव्हरपूलचं घरचं मैदान लोकांसाठी उघडलं आणि अर्ध्या मैदानावर फुलांचा खच पडला. पुढच्या शनिवारी एव्हर्टनच्या गुडिसन पार्कपासून ॲनफील्डपर्यंत, मधल्या स्टॅन्ली पार्कातून, निळे आणि लाल स्कार्फ एकमेकांना बांधत माळ नेली आणि ३ वाजून ६ मिनिटांनी सगळं गाव थांबलं. एव्हर्टन म्हणजे गावातलाच कट्टर प्रतिस्पर्धी, घराघरांत एक भाऊ लाल आणि एक निळा. पुढच्या सगळ्या लढाईत निळे बरोबर राहिले, म्हणून हा प्रश्न क्लबचा न राहता शहराचा झाला.

आणि 'द सन'. लोकांनी भर रस्त्यात त्याच्या होळ्या केल्या. तिथला खप कोसळला तो कोसळलाच. विक्रेत्यांनी पेपर ठेवणं बंद केलं, टॅक्सींवर, खिडक्यांवर 'विकत घेऊ नका'चे स्टिकर लागले. ज्यांचा जन्म १९८९ नंतरचा, तेही तो पेपर हातात घेत नाहीत. २०१७ मध्ये आधी लिव्हरपूलने आणि मग एव्हर्टनने या पेपरच्या बातमीदारांना मैदानाची दारं बंद केली. (याचा एक गमतीदार परिणाम दोन राज्यशास्त्रज्ञांनी दाखवला आहे. 'द सन' वर्षानुवर्षं युरोपियन युनियनविरुद्ध लिहीत असे. तो वाचणं थांबल्यावर लिव्हरपूल आणि आसपासच्या मर्सीसाइड भागात युरोपविरोध इतर तशाच भागांच्या तुलनेत कमी झाला.) इतका लांबलेला बहिष्कार केवळ रागावर टिकत नाही. राग पाच वर्षांत निवतो. हा टिकला, कारण दुसरीकडे हिशेब चुकता होत नव्हता.

खरं तर सत्य लवकर बाहेर आलं होतं. दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतरिम अहवाल ऑगस्ट १९८९ मध्येच आला. मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटलं हे, दारूचा मुद्दा फुगवलेला, फाटक तोडल्याची गोष्ट खोटी, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. इंग्लंडच्या मोठ्या मैदानांत आज सगळीकडे खुर्च्या दिसतात त्या याच टेलर यांच्या शिफारशीमुळे. पण मृत्यूंच्या न्यायिक चौकशीत दारूचं प्रकरण पुन्हा निघालं. चौकशी अधिकारी स्टीफन पॉपर यांनी ठरवलं, की सव्वातीनपर्यंत सगळ्यांना जीवघेणी इजा होऊन गेली होती, त्यामुळे त्यानंतर काय झालं हे तपासायचं कारण नाही. म्हणजे रुग्णवाहिका का आत आल्या नाहीत, कुणाला वाचवता आलं असतं, हे प्रश्नच बाद. मार्च १९९१ मध्ये निकाल लागला, अपघाती मृत्यू. ॲन विल्यम्स या आईचं म्हणणं होतं, की तिचा १५ वर्षांचा केव्हिन चार वाजेपर्यंत जिवंत होता. तसं सांगणारे साक्षीदारही तिने शोधून काढले. तिचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले. जुना निकाल डिसेंबर २०१२ मध्ये रद्द झाला. पुढच्या एप्रिलमध्ये ती कर्करोगाने गेली.

आता शहराला डिवचणाऱ्या बोलण्यांकडे येऊ. थॅचर यांचे प्रसिद्धी सचिव बर्नर्ड इंगम दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेफील्डला गेले होते. दारू ढोसून आलेल्या झुंडीने हे केलं, हे मत त्यांनी तिथून आणलं आणि कधीच सोडलं नाही. १९९६ मध्ये त्यांनी पत्रातून कळवलं, की लिव्हरपूलने आता हिल्सबरोबद्दल तोंड बंद ठेवावं. हे पत्र कुणाला? लिव्हरपूलच्या एका चाहत्याला. ऑक्टोबर २००४ मध्ये इराकमध्ये ओलीस ठेवलेल्या लिव्हरपूलच्या एका इंजिनिअरची हत्या झाली आणि शहराने शोक पाळला. त्यावर 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाने अग्रलेख लिहिला: या शहराला स्वतःला बळी समजायची सवय लागली आहे, हिल्सबरोतला दारुड्या प्रेक्षकांचा वाटा ते कबूल करत नाहीत. त्यात मृतांचा आकडा 'पन्नासहून जास्त' दिला होता. संपादक होते पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन, तेव्हा खासदारही. त्यांच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते मायकल हॉवर्ड यांनी त्यांना लिव्हरपूलला जाऊन माफी मागायला लावली.

सभ्य माणसं अशा वेळी म्हणतात, बोलण्यात जरा तारतम्य हवं होतं. मला वाटतं इथे प्रश्न तारतम्याचा नाहीच. 'दारुडे', 'उशिरा आलेले', 'बिनतिकिटाचे' हे शब्द कुणा स्तंभलेखकाने घरी बसून शोधलेले नाहीत. ते सव्वातीन वाजता नियंत्रण कक्षात सांगितलेल्या खोट्याचेच तुकडे आहेत. २००४ साली शहराच्या हातात 'अपघाती मृत्यू' असा निकाल होता. अशा वेळी कुणी तेच वाक्य छापतो, तेव्हा तो केवळ मत देत नसतो. ज्या खटल्यात आपण हरलो आहोत, त्यात विरुद्ध बाजूने आणखी एक साक्ष पडत असते. शिवाय ९६ च्या जागी पन्नास. आकडा चुकतो तो कुणी मोजायची तसदी घेतली नाही म्हणून, आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या आकड्यात आहे त्यांना ते लगेच कळतं. जर्सीवर ज्योतींबरोबर आकडाही का असतो, याचं कारण बहुधा इथेच आहे.

माफ्यांचंही तसंच. 'द सन'ने २००४ मध्ये पानभर माफी छापली, आपल्या इतिहासातली सगळ्यांत भयंकर चूक म्हणून. पण ती आली ती लिव्हरपूलमध्येच वाढलेल्या वेन रूनी या फुटबॉलपटूने त्या पेपरला मुलाखत दिल्यावर उठलेल्या गदारोळात. गावाने ती परत केली. मॅकेन्झी यांनी १९९३ मध्ये एकदा संसदीय समितीपुढे खेद व्यक्त केला होता, पण २००६ मध्ये एका जेवणाच्या कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं, की तेव्हाही मला वाईट वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नाही. मग कसली माफी! याउलट १२ सप्टेंबर २०१२ ला पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत मागितलेली माफी कुटुंबांनी स्वीकारली. भाषण उत्तम होतं म्हणून नव्हे. त्या दिवशी बिशप जेम्स जोन्स यांच्या स्वतंत्र समितीने हजारो कागद खुले केले होते. पोलिसांचे १६४ जबाब लक्षणीय बदलले गेले, त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांवरची टीका काढली किंवा फिरवली, ४१ जणांना वाचवण्याची शक्यता होती, हे सगळं त्यांत होतं. कॅमेरन यांनी दोन अन्याय वेगवेगळे सांगितले. एक, माणसांचं रक्षण केलं नाही आणि सत्य इतकी वर्षं दाबून राहिलं. दोन, मेलेल्यांवरच दोष टाकला. 'भावना दुखावल्या असतील तर' अशी पळवाट त्यात नव्हती. आपल्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी ती पळवाट वापरतो, म्हणून हा फरक टिपून ठेवण्यासारखा आहे.

ही समिती झाली तीही एका 'अशिष्ट' वागण्यामुळे. २००९ मध्ये विसाव्या स्मृतिदिनाला ॲनफील्डवर ३०,००० च्या आसपास माणसं जमली होती. सरकारतर्फे मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले. ते स्वतः एव्हर्टनचे चाहते, त्याच मुलुखातले. दोन-चार वाक्यं झाली आणि स्टँडमधून न्यायाची घोषणा सुरू झाली, ती थांबेना. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात पाहुण्याला बोलू न देणं कुणालाही खटकेल. बर्नहॅम यांनी मात्र लंडनला परत जाऊन कागद खुले करायचा विषय लावून धरला. २६ एप्रिल २०१६ ला वॉरिंग्टनला नव्या चौकशीच्या ज्यूरीने निकाल दिला: ९६ जणांचा बेकायदेशीरपणे बळी गेला, आणि त्यात प्रेक्षकांच्या वागण्याचा काहीही वाटा नव्हता. दुसऱ्या दिवशी बहुतेक पेपरांनी ही बातमी पहिल्या पानावर घेतली. 'द सन'च्या पहिल्या पानावर ती नव्हती.

निकालाने तोंडं बंद झाली का? नाही. इंग्लंडच्या मैदानांवर लिव्हरपूलविरुद्ध एक गाणं अजून म्हटलं जातं, त्याचा अर्थ असा: नेहमी तुम्हीच बळी, चूक कधी तुमची नाहीच. म्हणणारे सांगतात, हे हिल्सबरोबद्दल नाही, नुसती चेष्टा आहे. इंगम यांचं पत्र आणि 'स्पेक्टेटर'चा अग्रलेख यांना चाल लावली तर दुसरं काय होईल? २०२३ च्या एफए कप फायनलला एक जण पाठीवर ९७ आणि त्यावर 'पुरेसे नाहीत' अशा अर्थाचे शब्द छापलेली जर्सी घालून आला. त्याला १,००० पौंड दंड आणि चार वर्षं मैदानबंदी झाली. त्याच वर्षी सरकारी वकिलांनी आणि फुटबॉल संस्थांनी अशा घोषणांवर सरळ कारवाई करायचं धोरण जाहीर केलं. गाण्यासाठी माणसाला कोर्टात खेचावं का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. मैदानबंदीबद्दल अजिबात नाही.

लिव्हरपूलवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू होते. त्यावरून युनायटेडच्या लोकांना डिवचताना हात पसरून विमानाची नक्कल करणारे लिव्हरपूलच्या स्टँडमध्येही होते. हायझेलची आठवण ठेवायलाही शहराने फार वेळ घेतला. २००५ मध्ये युव्हेंटस ॲनफील्डवर खेळायला आला तेव्हा स्टँडमध्ये इटालियनमध्ये 'मैत्री' हा शब्द उभा केला. युव्हेंटसच्या काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. पाठ फिरवणाऱ्यांना चूक म्हणायचा हक्क लिव्हरपूलला नाही, आणि माझ्या माहितीत तिथल्या जाणत्या लोकांनी तसं म्हटलेलंही नाही.

मग २८ मे २०२२, पॅरिस. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. बाहेर अरुंद वाटांवर हजारो माणसं अडकली, दारं बंद, पोलिसांनी अश्रुधूर आणि मिरचीचा फवारा मारला. मॅच लांबली तेव्हा स्टेडियममधल्या फलकावर कारण झळकलं, प्रेक्षक उशिरा आल्यामुळे. फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ म्हणाले, तीस-चाळीस हजार लोक बनावट तिकिटं घेऊन किंवा बिनतिकिटाचे आले होते. उशीर आणि बिनतिकीट. तेहतीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, तेच दोन शब्द. गर्दीत हिल्सबरोतून वाचलेली माणसंही होती. पण या वेळी लिव्हरपूलकर गप्प बसले नाहीत. मोबाइलमधले व्हिडिओ, वेळेसकट, त्याच रात्रीपासून बाहेर येत गेले. जुलैत फ्रान्सच्या सेनेटने प्रेक्षकांना दोष देणं चुकीचं ठरवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही स्पर्धा भरवणाऱ्या युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफावर ठेवली. शिवाय लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी रांगेत जी शिस्त आणि सावधगिरी ठेवली त्यामुळे मोठा अनर्थ टळला, असंही तिने म्हटलं. तसल्या गर्दीत धक्का द्यायचा नाही, पोरांना वर उचलून घ्यायचं, हे त्या लोकांना घरातल्या गोष्टींमधून माहीत होतं. स्मरणाचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसं गेली. पहिली चर्चा झाली ती पावसाची आणि अफवेची, रेल्वेच्या चौकशीनेही मुसळधार पावसाकडे बोट दाखवलं. पूल अरुंद आहे ही तक्रार प्रवाशांची कितीतरी जुनी होती. तो सगळा घटनाक्रम वाचताना लेपिंग्ज लेनचा बोगदा आठवल्याशिवाय राहत नाही.

हिल्सबरोचं कायद्यातलं पुढे काय झालं तेही सांगतो. डकेनफील्ड यांच्यावर खटला चालला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. जबाब बदलल्याच्या प्रकरणात दोन माजी पोलीस अधिकारी आणि एका वकिलावरचा खटला २०२१ मध्ये कोसळला. कारण काय, तर ते जबाब टेलर यांच्या चौकशीसाठी होते, ती चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे, म्हणून न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा बसत नाही! या फटीतूनच नव्या कायद्याची मागणी पुढे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं विधेयक ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं. सरकारी अधिकाऱ्याने चौकशीपुढे स्वतःहून खरं सांगणं बंधनकारक, जनतेची जाणूनबुजून दिशाभूल केली तर गुन्हा, अशा तरतुदी त्यात आहेत.

आणखी एक तरतूद मथळ्यांत फारशी आली नाही: अशा चौकशीत मृतांच्या कुटुंबांना वकील सरकारी खर्चाने मिळेल. पहिल्या चौकशीत पोलिसांचे वकील जनतेच्या पैशाने उभे होते. कुटुंबांनी वर्गणी काढून वकील केला होता, प्रत्येकाचा वाटा ३,००० पौंड. मार्गरेट ॲस्पिनॉल यांच्याकडे तेवढे नव्हते. त्यांचा १८ वर्षांचा जेम्स हिल्सबरोला गेला होता. त्याच्या मृत्यूची भरपाई म्हणून आलेला १,२२६ पौंडांचा चेक त्यांना घ्यायचाच नव्हता. वकिलाच्या वर्गणीसाठी त्यांनी तो घेतला.